रुखवतातल्या मोटारी

आमच्या गावात तेव्हा एकच मोटार होती, तीही मुंबईच्या एका शेटजींची, मे महिन्यात आंबे खायला येणारी आणि आंबे संपले की जाणारी. तरी मोटारींमधलं गावात सगळ्यांत जास्त कळत असेल तर ते मला, हे आज ऐंशीच्या घरात बसून कुणाची भीडभाड न ठेवता सांगते. खऱ्या मोटारींची मला फक्त टपं ठाऊक होती. आमच्या वाडीच्या वईचं कुंपण माझ्या नाकाला लागायचं आणि रस्त्यावरून काही गेलं की त्याच्या वरून दिसायचं तेवढंच. खेळातल्या मोटारींची मात्र पोटंसुद्धा ठाऊक होती, कारण त्या मी उलट्या करून तासन्‌तास बघायची. मधलं सगळं मी मनानं जोडून घेतलं होतं, आणि फारसं चुकलं नव्हतं, असं पुढे खऱ्या मोटारीत बसल्यावर कळलं.

वाडी अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. पुढे रस्ता, मागे समुद्र, आणि मध्ये नारळी-पोफळींच्या रांगांत बुडालेलं आमचं कौलारू घर. समुद्र दिवसभर ऐकू यायचा पण दिसायचा नाही. रस्ता दिसायचा पण त्यावर जायचं नाही. सातवी पास झाले, त्याच सुमाराला वयातही आले, आणि अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं की आता बायोनं बेड्याबाहेर जायचं नाही. बेडं म्हणजे वाडीचं बांबूचं फाटक. तीन आडवे बांबू, एका हातानं सरकवता यायचे. माणसाला अडवायला कुलूपच लागतं असं नाही, हे तेव्हापासून मला माहीत आहे. अण्णा वाईट नव्हते. माझ्यावर त्यांचा जीव होता, आणि जीव असलेली वस्तू माणूस जपून ठेवतो, एवढाच त्यांचा हिशेब होता.

घर चालवायची आत्या. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती आणि आईसकट सगळ्यांवर तिचा वचक होता. सकाळी सारवण, मग विहिरीवरची भांडी, मग वाटण, दुपारी अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या उलटायच्या, आणि वालाचं बिरडं असेल त्या दिवशी मोड आलेले वाल सोलत बसायचं. मोड न मोडता साल काढायची, हे काम बोटांनी करायचं असतं, डोळ्यांनी नाही. घरामागे रहाट होता. धर्मा गडी रेड्याच्या डोळ्यांना झापडं बांधून त्याला गोल गोल फिरवायचा, आणि दुपारभर त्या रहाटाचं कुईं कुईं चालायचं. मी कधी कुरकुर केली तर आत्या तिकडे बोट दाखवायची. "तो बघ रेडा. दिवसभर फिरतोय, तोंडातून शब्द काढतो का? आणि तू गो, सावलीत बसून रडतेस." रेड्याशी तुलना करायला मी स्वतः गेले नसते. ती आत्यानंच केली.

या सगळ्यात वर्षातून एकदा, क्वचित दोनदा, भाईमामा यायचा. आईचा धाकटा भाऊ. परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होता. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरायचा, तिथून मिळेल त्या वाहनानं, आणि बेड्यातून आत शिरायच्या आधीच त्याच्या अंगाचा तेलाचा आणि विलायती साबणाचा एकत्र वास आत यायचा. आई त्या दिवशी ओल्या नारळाच्या करंज्या करायची आणि सुरमईचं कालवण. जेवण झालं की मामा खिशात हात घालून म्हणायचा, "बाळूसाठी." बाळू माझा धाकटा भाऊ. मामा त्याला एक मोटार द्यायचा. मुठीत मावेल एवढी, पण पत्र्याची नाही, ओतीव धातूची. जड, थंड, खरी वाटणारी.

बाळूला मोटारीचं कौतुक दुपारपर्यंत. पहिली मोटार त्यानं रहाटाच्या पाण्यात सोडली, ती तरंगत नाही म्हणून रागावला आणि समुद्रावर निघून गेला. त्याला समुद्र होता ना. मी ती गाळातून काढली, राखेनं घासणार होते पण हात थांबला, आणि नुसत्या ओल्या फडक्यानं पुसली. उलटी केली तर पोटावर बारीक उंचवट्याची अक्षरं होती, इंग्रजी. आमच्या शाळेत मुलींना इंग्रजी नव्हतं. ती अक्षरं मी कोळशानं जमिनीवर उतरवून घेतली आणि अण्णांच्या जुन्या इंग्रजी पुस्तकातून एकेक करून लावली. 'मेड इन इंग्लंड' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं इंग्रजी वाक्य. ते वाक्य नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

मामा पुढच्या खेपेला आला तेव्हा ती मोटार फडताळात तुपाच्या बरणीमागे फडक्यात गुंडाळून ठेवलेली त्याला सापडली. तो स्वयंपाकघरात पाट ओढून बसला.

"बाळूची गाडी तुझ्याकडे कशी गो बायो?"

"तो टाकून देतो. मी पुसते."

"आणि?"

"आणि बघते."

मामानं खिशातून दुसरी काढली. दिसायला अगदी पहिल्यासारखीच, फक्त वेगळ्या कारखान्याची. दोन्ही माझ्या दोन तळहातांवर ठेवल्या. "डोळे मीट. सांग, चांगली कुठली?"

मी डोळे मिटले. वाल सोलणारी बोटं होती माझी, त्यांना सांगावं लागलं नाही. "आधीची," मी म्हटलं. "ही हलकी आहे. हिचा रंग जाड बसलाय, दिव्यांच्या कडा भरून गेल्यात. मागचं उजवं चाक डुगडुगतंय."

मामानं ते चाक बोटानं हलवून बघितलं. मग आईला म्हणाला, "ताई, ही मुलगा असती तर मी हिला बोटीवर घेऊन गेलो असतो. अशी बोटं इंजिनाला लागतात."

"न्हाय ना ती मुलगा," आत्या चुलीपाशून म्हणाली, आणि तो विषय तिथं संपला.

पण त्यानंतर मामा 'बाळूसाठी' म्हणताना माझ्याकडे बघायचा. आता एका खेपेला दोन-तीन मोटारी यायच्या, बाळू त्या दुपारपर्यंत फिरवायचा, संध्याकाळी त्या माझ्या फडताळात. डझनभर तरी झाल्या असतील. एक लाल दुमजली बस होती. एक पिवळा ट्रक, त्याचा मागचा हौदा उलटा व्हायचा. एक दुधी रंगाची लांबलचक गाडी, तिचे दरवाजे खरोखर उघडायचे, खिडक्यांना काचेसारखं काही तरी लावलेलं आणि दाबली की खाली बसून पुन्हा वर यायची. एक जपानी होती, ती ओतीव नव्हेच, पत्र्याची. पोटात स्प्रिंग, चावी दिली की बर्रर्र करत धावायची. मुंबईच्या फुटपाथवरची एक नक्कलही मामानं मुद्दाम आणली होती, वाईट मोटार कशी असते ते कळावं म्हणून. चांगलं कळायला वाईट हाताशी असावं लागतं, असं तो म्हणायचा.

मी त्यांच्या परीक्षा घ्यायची. दुपारी आत्या लवंडली की पाट उंबरठ्याला टेकवून उतार करायचा आणि वरून एकेक सोडायची. कोण किती लांब जातं ते बघायचंच, पण कोण सरळ जातं ते जास्त महत्त्वाचं. वाकड्या आसाची गाडी पहिल्या हातभरातच सुपाच्या दिशेनं वळायची. मग रंग. नखानं नाही, सुपारीच्या कडेनं हलकेच, पोटाकडच्या बाजूला, जिथं दिसत नाही तिथं. मग ओतकामाची कड: दारांच्या रेघा नीट उठल्यात का, पुढची जाळी मोजता येते का, की नुसता लगदा झालाय. आणि सगळ्यांत मोठी परीक्षा आमची हवा. समुद्राकाठची खारी हवा कुणाची गय करत नाही. अडकित्ता, खिडकीचे गज, आत्याचा स्वभाव, सगळ्यांना तिनं गंज चढवला होता. मी प्रत्येक नवी मोटार एक अख्खा पावसाळा फडताळात उघडी ठेवायची आणि नवरात्रात बघायची. जपानी पत्र्याच्या गाडीला पहिल्याच पावसाळ्यात तांबेरा आला. तिला मी सगळ्यांत शेवटचा नंबर दिला. फुटपाथवालीच्या वर तरी ठेवायची होतीस, म्हणून मामानं तिची बाजू घेतली, पण मी ऐकलं नाही. खोटी असली तरी ती ओतीव होती, आणि पत्रा तो पत्रा.

दरवाजे उघडणाऱ्या दुधी गाडीवर माझा जीव होता, हे कबूल आहे. पण नंबर दुसरा. ज्या गाडीचे दरवाजे उघडतात तिचे काही दिवसांनी नीट मिटत नाहीत. बिजागरी सैल होते आणि चालताना खडखड वाजते. पहिला नंबर निळीचा. साधी निळी मोटार, दारं फक्त रेघांची, काचा नाहीत, एका कोपऱ्यावर रंग उडालेला. मामानं ती कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारातून घेतली होती. पण हातात घेतली की हात भरायचा. पाटावरून सोडली की थेट माजघर ओलांडून देवघराच्या पायरीला जाऊन ठेपायची, दोरीनं ओढल्यासारखी. दोन पावसाळे काढले तिनं, ठिपका नाही. शेवटच्या वर्षी तिच्या टपावर मागच्या बाजूला केसासारखी एक रेघ दिसली होती. साच्याचा जोड असेल, असं मी ठरवलं. मला इतकं कळत होतं ना, मग साच्याचाच असणार.

असा माझा संसार चालला असताना माझं लग्न ठरलं. दिवेआगरची माणसं, नारळी-पोफळीची वाडी, घर चांगलं. बघायला आली तेव्हा मी पोहे दिले, खाली बघून बसले, आणि वर बघायची वेळ आली तेव्हा ती उठलेली होती. मी आईला विचारलं, "तिथून मुंबई किती लांब?" आई म्हणाली, "इथल्याहून लांब." म्हणजे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत, एका रहाटाच्या कुरकुरीतून दुसऱ्या. रडू आलं ते लग्नाचं नव्हतं. मला वाटलं होतं, निदान बेड्याबाहेर तरी काही तरी असेल.

मग मी ठरवलं की मोटारी न्यायच्या. दुसरं काही मी त्या घरात मागितलं नव्हतं. दागिने अण्णांनी ठरवले, लुगडी आत्यानं. मला फडताळातला तो एक कोपरा हवा होता. अण्णा झोपाळ्यावर होते.

"अण्णा, मोटारी मी नेऊ?"

"मोटारी बाळूच्या ना?"

"तो खेळत नाही."

बाळूनं इतक्या वर्षांत त्या मोटारींचं नाव काढलं नव्हतं, पण हे ऐकल्याबरोबर तो ओटीवरून ओरडला, "माझ्या हायत त्या. मामानं मला दिल्यात." आणि ते खरंच होतं. मामानं प्रत्येक वेळी मोठ्यानं तसंच म्हटलं होतं. आता साक्ष द्यायला तो इथं नव्हता, कुठल्या तरी समुद्रावर होता.

"झालं तर," अण्णा म्हणाले. "भावाची वस्तू सासरी नेतात का?"

"आणि मुलीच्या जातीला मोटारी कशाला हव्यात गो?" आत्या म्हणाली. "सासू विचारील, ह्या घरानं पोरीला काय शिकवलं."

त्या रात्री मी जेवले नाही. आत्या म्हणाली भूक लागली की जेवेल, आणि दुसऱ्या दिवशी जेवलेच. चार दिवसांनी आई आणि मी वाल सोलत बसलो होतो, आत्या देवळात गेली होती, आणि आई सुपातून डोकं वर न काढता म्हणाली, "रुखवतावर मांडलेली वस्तू कुणी परत उचलत नाही, बायो. अपशकुन असतो."

एवढंच. पुढे ती म्हणाली की मीठ संपत आलंय.

रुखवत म्हणजे मुलीच्या हातचं काम. लग्नाच्या दिवशी मांडवात मांडतात आणि वरपक्षाच्या बायका ते बघायला येतात. लाडू-करंज्यांची ताटं, साखरेची फळं, मण्यांचं तोरण, विणलेले रुमाल, सुपाऱ्यांना कपडे घालून केलेले नवरा-नवरी. बेड्याबाहेर जाणं बंद व्हायच्या आधी मी गावातली कितीतरी रुखवतं पाहिली होती आणि मांडायला हातही लावला होता. मी आत्याला सांगितलं, मला एक देखावा करायचाय, रेवसच्या धक्क्याचा. आत्या खूश झाली. पोर शेवटी मार्गाला लागली, असं तिला वाटलं असणार. लहानपणी एकदा आजोळी जाताना मी तो धक्का पाहिला होता, तेवढ्यावर मी तो केला. पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या देठाच्या रुंद सालीची लाँच, भाताच्या तुसाचा समुद्र निळा रंगवून, काड्यांचे माड, आणि धक्क्यापर्यंत जाणारा लांब वळणाचा रस्ता, काजळीनं काळा केलेला. मोकळा रस्ता. आत्या म्हणायची, "रस्ता फार मोठा केलास गो, बाकीचं बारीक दिसतं त्यानं." मी म्हणायची, असू दे.

लग्नाच्या दिवशी सकाळी आई आणि मी रुखवत मांडलं. देखाव्यावर आईनं स्वतःच्या हातानं पातळ घातलं. माझ्या हातात फडक्याचं गाठोडं होतं. ती पातळाची कड उचलून धरून उभी राहिली आणि म्हणाली, "लवकर." मी मोटारी रस्त्यावर ओळीनं लावल्या, धक्क्याकडे तोंड करून. निळी सगळ्यांत पुढे.

वरपक्षाच्या बायका आल्या, पातळ उचललं, आणि माझ्या होणाऱ्या सासूबाई एकदम हसल्या. "अगंबाई, मोटारी! आमची सून मोटारवाली दिसते." बाकीच्याही हसल्या. कुणी दुधी गाडीचे दरवाजे उघडून बघितले. आत्याचा चेहरा मी आजही विसरले नाही. पण चारचौघांत, मांडलेल्या रुखवतावरून, ती काय उचलणार? बाळू अण्णांना बिलगून रडायला लागला. अण्णा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता मांडलं गेलं ते." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला हसू आवरेना, नववधूनं हसायचं नसतं म्हणून मी पदर तोंडाशी धरला, आणि बायकांना वाटलं मी रडतेय.

वरात रेवदंड्याची खाडी होडीनं ओलांडून, पुढे मोटारीनं, मग आगरदांड्याहून दिघीला मचव्यानं आणि तिथून बैलगाड्यांनी दिवेआगरला निघाली. रुखवताची ट्रंक माझ्या पायाशी होती. तुकड्यातुकड्यानं का होईना, रस्ता माझ्या अंगाखालून जात होता, आणि तो एक दिवस मी अगदी सुखात होते. खड्ड्यात बैलगाडी आदळली की ट्रंकेतून खडखड यायची. दुधीचे दरवाजे, मला ओळखू यायचं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी रुखवत उतरवायला काढलं. मी मांडलेली रुखवतं पाहिली होती, उतरवलेलं एकही पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? ते उतरतं सासरी, आणि मी कधी कुणाच्या सासरी गेलेच नव्हते. ओटीवर सतरंजी अंथरली, भाऊबंद आले, शेजारी आले, आणि लाडू-करंज्या वाटल्या तशा बाकीच्या वस्तूही वाटायला सुरुवात झाली. रुमाल नणंदांना, तोरण जावेला. "मोटारी पोरांना," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, तुझ्या हातानं वाट. नवीन माणसाच्या हातचं पोरांना गोड लागतं." त्यांचा हेतू खरोखर चांगला होता.

मी वाटल्या. पोरं जपानीवर तुटून पडली, चावी द्यायची ना. ती थोरल्या जावेच्या मुलानं पटकावली. मग दुधी गेली, बस गेली, पिवळ्या ट्रकसाठी दोघांची मारामारी झाली. फुटपाथवाली नक्कलसुद्धा गेली, चकचकीत होती म्हणून. निळीला कुणी हात लावेना. साधी, कोपऱ्यावर रंग उडालेली, तिला कोण घेतंय? मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. एवढी एक राहू दे. आणि ती खरंच राहिली. मी ती उचलून पदराखाली घेणार एवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला. तळहातावर घेऊन त्यांनी ती जरा तोलली. "ही विलायती दिसते. जड आहे. पोरं मोडतील, शोभेला ठेवू." माजघरात काचेचं कपाट होतं, त्यात चिनी मातीचे कप आणि चांदीचं तांब्या-भांडं. निळी त्यांच्यामध्ये बसली, कुलूप फिरलं, आणि चावी सासूबाईंच्या कमरेला गेली.

मी पहिल्यांदा यांना सांगितलं. यांचा स्वभाव गरीब, कधी आवाज चढवला नाही. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आईला विचार." महिनाभर धीर गोळा करून मी सासूबाईंना विचारलं, ती मोटार जरा हातात घेऊ का. त्यांना नवल वाटलं. "आहे की तुझ्यासमोर. कुठं पळून जात्ये ती? बघायला कुणी मनाई केल्येय का?" मनाई नव्हतीच. मी रोज माजघर सारवताना तिच्यासमोरून दोनदा जायची.

पहिल्या माहेरपणाला गेले तेव्हा आईला विहिरीवर एकटी गाठलं. खूप चिडले होते. "तुला माहीत होतं ना, तिथं वाटून टाकतात? तुझंही वाटलं असेल ना?"

आईनं घागर काठावर ठेवली. "माझ्या हातची भरलेली चादर होती. वर्षभर बसले होते तिला. नणंदेला दिली." ती नणंद म्हणजे आत्या. मी ती चादर आत्याच्या खाटेवर जन्मभर पाहिली होती. "बेड्याबाहेर काढणं माझ्या हातात होतं, बायो," आई म्हणाली, "तेवढं केलं. पुढचं माझ्या हातात कधी होतं?" मग तिनं घागर उचलली. माझा राग गेला नाही, पण तो कुणावर धरायचा ते कळेनासं झालं.

पुढची वर्षं सांगत नाही, ती सगळ्यांसारखी गेली. मूल झालं, मुलगी. वाडी वाढली, रहाट जाऊन पंप आला. परवाच्या वादळानं त्यातल्या बहुतेक पोफळी झोपवल्या, पण ते आत्ताचं. सासूबाईंची नजर गेली आणि एका सकाळी त्यांनी चाव्यांचा जुडगा चाचपून माझ्या हातात दिला, तेव्हा माझ्या मुलीला स्थळं यायला लागली होती. चाव्या मिळाल्या की सुनेनं पहिल्यांदा धान्याची कोठी उघडायची असते. मी काचेचं कपाट उघडलं.

निळी तशीच होती. तोच रंग, तोच उडालेला कोपरा. मी ती उचलली आणि ती माझ्या हातात राहिली नाही. टप एकीकडे गेलं, नाक दुसरीकडे, आणि बाकीचा करडा चुरा बोटांच्या फटींतून खाली आला. इतकी वर्षं नुसत्या रंगानं आकार धरून ठेवला होता. पुढे एका जाणकारानं मला सांगितलं की त्या काळच्या काही ओतकामात शिशाचा अंश जायचा, मग धातू आतून फुगतो आणि भेगाळतो, दमट हवेत लवकर. म्हणजे ती टपावरची रेघ साच्याची नव्हती. आणि जिला मी शेवटचा नंबर दिला होता ती जपानी पत्र्याची गाडी थोरल्या जावेच्या घरी पोरांनी आपटून, तेल घालून, पुन्हा आपटून अजून चालती ठेवली होती. मी मुद्दाम जाऊन बघून आले. वजन, रंग, आस, खारी हवा, सगळ्या परीक्षा मी घेतल्या होत्या. कुलपात ठेवून बघायचं तेवढं राहिलं होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी चुरा पदरात घेऊन माजघरात किती वेळ बसले होते कोण जाणे. हे बाहेरून आले आणि म्हणाले, दुपारी ती माणसं येणार आहेत मुलीला बघायला, श्रीवर्धनकडची, वाडी मोठी आहे, पोह्यांचं बघ.

"त्यांना निरोप पाठवा," मी म्हटलं. "येऊ नका म्हणावं."

"अगं, कारण काय सांगू?"

"सांगा, मुलगी अलिबागला कॉलेजात जाणार आहे."

हे गोंधळले. मग नेहमीच्या शांतपणानं म्हणाले, "आईला विचार."

मी पदर सावरला आणि त्यांना चाव्या दाखवल्या.